जुन्या कागदांची नवी जुळणी

१

मोडी दप्तरें, बखरी, महजर, करीने, वंशावळी असे कागद ज्यांच्या संग्रहीं आहेत, त्यांपैकीं बहुतेकांस ते आपल्या हयातींत छापून निघावे अशी इच्छा असते. पूर्वीं या इच्छेच्या आड पैसा येई. आतां संगणक घरोघरीं झाल्यामुळें ती अडचण पुष्कळ कमी झाली आहे. परंतु तिच्या जागीं दुसरी उभी राहिली आहे. जुळणी करणाऱ्या आज्ञावल्या अनेक झाल्या, आणि त्यांपैकीं कोणती पत्करावी याचा निकाल बहुधा छापखानेवाला कोणती मागतो, किंवा ओळखीच्या टंकलेखकाच्या हातांत कोणती बसली आहे, एवढ्यावरच लागतो. पानाचें रूप सुबक दिसलें म्हणजे काम झालें असें आपण समजतों. पुढें दहा-पंधरा वर्षांनीं दुसरी आवृत्ति काढण्याची वेळ आली, किंवा एखाद्या चिकित्सक वाचकानें 'हें अक्षर मुळांत आहे कीं तुमच्या पदरचें?' असें विचारलें, म्हणजे मग त्या सुबकपणाची खरी किंमत कळते.

आमचें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. ऐतिहासिक लेख छापतांना संपादकास आपल्या पद्धतीचे अनेक नियम करावे लागतात. ज्या साधनांत अशा प्रत्येक नियमास नांव देतां येतें, तें नांव संहितेंतच टिकून राहतें, आणि त्या नांवाचें छापील रूप एकाच ठिकाणीं ठरवितां व बदलतां येतें, तेंच साधन या कामास योग्य होय. अशा नांव दिलेल्या नियमास आम्ही पुढें 'शैली' म्हणूं. बाकीचे गुण, म्हणजे वेग, सोय, पडद्यावरील देखणेपणा, हे सर्व दुय्यम होत. हें मत कोणत्या आधारावर बनलें तें पुढें क्रमानें देतों.

२

प्रथम आपल्या कागदांस काय लागतें तें पाहूं. पेशवाईंतील एखादें साधें पत्र घ्या. माथ्यावर श्री, त्याखालीं मायना, मग मजकूर, शेवटीं मिति. सरकारी कागद असल्यास शिक्का, मोर्तब व पाठीवर बार. मिति पुष्कळदां मुसलमानी महिन्याची, तिच्याआधीं चंद्रदर्शक 'छ'. समासांत मागाहून घातलेला मजकूर, दोन ओळींच्या मध्यें लिहिलेले शब्द, खोडलेलीं अक्षरें, कसरीनें खाल्लेल्या जागा. छापतांना यांतील प्रत्येक गोष्ट वाचकास निराळी ओळखतां आली पाहिजे. त्यांत संपादकाच्या बाजूचा मजकूर मिळतो: लेखांक, शक व इसवी सन, सारांश, पाठांतरें, टीपा. राजवाडे यांनीं इ. स. १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' प्रसिद्ध करण्यास आरंभ केला, तेव्हांपासून लेखांक देऊन पत्रें छापण्याची चाल आपणांकडे रूढ झाली. मूळ मजकूर कोठें संपला व संपादक कोठें बोलूं लागला, हें अशा ग्रंथाच्या छापील पानानेंच सांगावें लागतें.

मोडीचें देवनागरी करतांना ही जबाबदारी दुणावते. मोडी लिहिणारा आधीं शिरोरेघ ओढून घेतो व मग तिला अक्षरें लावीत जातो. शब्द तोडीत नाहीं. इकार व उकार यांचा ऱ्हस्वदीर्घ भेदहि सामान्यतः पाळीत नाहीं. म्हणजे छापील पानावर दोन शब्दांमध्यें जी मोकळी जागा दिसते ती प्रत्येक संपादकानें घातलेली असते, आणि प्रत्येक वेलांटी ऱ्हस्व कीं दीर्घ हा निर्णयहि त्याचाच असतो.

एका चिन्हाचें उदाहरण देतों. जुन्या कागदांत 'रा॥', 'मौ॥', 'क॥' अशा संक्षेपांपुढें दोन दंड येतात. तेच दोन दंड रकमेपुढें आले म्हणजे अर्धा दाखवितात. एक दंड पाव, तीन दंड पाऊण. 'रा॥' मधील दंड आणि '५॥' मधील दंड डोळ्यांस सारखेच. आतां समजा, संपादकानें अर्धवट माहितीच्या टंकलेखकास सांगितलें कीं, वाचकांच्या सोयीसाठीं अर्धे-पाव सर्वत्र आजच्या अंकपद्धतीनें द्या. त्यानें एका फटक्यांत सर्व दुहेरी दंड बदलले तर राजश्रींच्याहि पुढें अर्धा येऊन बसेल. उलट 'संक्षेप' आणि 'अपूर्णांक' अशा दोन शैली पहिल्यापासून निराळ्या ठेवल्या असत्या, तर अपूर्णांकाचें रूप एका ठिकाणीं बदलून भागलें असतें व संक्षेपास धक्का लागला नसता. शैलीचा उपयोग तो हा. ती निव्वळ सजावट नव्हे. संपादकानें वाचतांना केलेला भेद ती जतन करून ठेवते.

३

असे भेद छापील रूपानें दाखविण्याचें फार मोठें उदाहरण पुण्यांतच घडलें आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम इ. स. १९१९ मध्यें आरंभिलें. सुकथनकर यांनीं संपादिलेलें आदिपर्व इ. स. १९३३ मध्यें पुरें झालें व सर्व पर्वें इ. स. १९६६ पर्यंत संपलीं. त्या आवृत्तीचें कोणतेंहि पान उघडा. वर संपादकानें स्वीकारलेली संहिता. जेथें पाठाविषयीं पुरती खात्री नाहीं तेथें अक्षरांखालीं नागमोडी रेघ. खालीं पाठभेद, आणि प्रत्येक पाठभेदापुढें पोथीची संज्ञा, जींत लिपि वा शाखा एका अक्षरानें ओळखूं येते. कांहीं पोथ्यांतच सांपडणारे लहान अधिक श्लोक तारांकित करून खालीं घेतलेले. मोठे अधिक भाग परिशिष्टांत.

यांतील नागमोडी रेघ विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. 'येथें मीं निवड केली, पण मी निःशंक नाहीं' ही संपादकाची कबुली ती एकटी रेघ वाचकापर्यंत पोंचविते. पुढें कोणी ही संहिता पुन्हां जुळवितांना त्या रेघा गाळल्या, तर एक अक्षरहि न बदलतां ग्रंथ खोटा होतो; कारण शंकित पाठ व निश्चित पाठ एकाच पंक्तीस बसतात. संस्कृत व मराठी ग्रंथांच्या ज्या प्रति आज संगणकावर फिरत आहेत, त्यांत केवळ अक्षरें उतरून घेतलेलीं व संपादकाचीं चिन्हें वगळलेलीं असा प्रकार वाचकांच्या पाहण्यांत असेलच. जुळणीच्या साधनाची निवड हा म्हणून केवळ छापखान्याचा प्रश्न नाहीं.

४

शिशाच्या खिळ्यांच्या काळीं हें काम कसें होई? श्रीरामपूर येथें कॅरे याचें मराठी व्याकरण इ. स. १८०५ मध्यें निघालें, त्यांत मराठी देवनागरी खिळ्यांनीं छापलें होतें, इ. स. १८१० च्या त्याच्या मराठी कोशांत मोडीचे खिळे वापरले. पुढें मुंबईस जावजी दादाजी यांचा निर्णयसागर इ. स. १८६९ मध्यें निघाला व देवनागरी मुद्रणास सुबकपणाचें नवें माप मिळालें. या सर्व काळांत संपादकाचे नियम जुळाऱ्याच्या डोक्यांत व हातांत असत. मूळ संहिता मोठ्या ठशांत, टीप लहान ठशांत, पदरचें अक्षर कंसांत, एवढें त्यास एकदां समजावून दिलें म्हणजे तो पुस्तकभर तें पाळी.

या पद्धतीचा एक गुण असा कीं, जुळाऱ्याच्या घरांत जितक्या जातींचे खिळे असत, तितकींच रूपें पानावर येऊं शकत. लहरीस वाव नसे. दोष असा कीं, छपाई झाली म्हणजे फर्मा मोडून खिळे परत घरांत टाकीत. नियमाची आठवण उरे ती फक्त कागदावर. दुसऱ्या आवृत्तीस सर्व जुळणी पुन्हां, मुद्रितशोधन पुन्हां, आणि नवीन चुका पुन्हां. तरीहि एक गोष्ट कबूल केली पाहिजे: त्या काळचा छापील कागद आज कोणासहि वाचतां येतो. पुढच्या काळांतील पुष्कळशा संगणकीय फायलींविषयीं तसें म्हणतां येत नाहीं.

५

संगणकावरील जुळणीच्या दोन परंपरा आहेत. पहिलींत लेखक मजकुरामध्येंच खुणा घालतो व त्या खुणा वाचून यंत्र पान तयार करतें. अमेरिकेंत सॉल्ट्झर याची 'रनऑफ' ही आज्ञावली इ. स. १९६४ ची, ओसाना याची 'ट्रॉफ' इ. स. १९७३ ची. या खुणा बहुतेक रूपाच्या असत: येथें ओळ सोडा, येथें समास वाढवा. पुढचें महत्त्वाचें पाऊल ब्रायन रीड यानें उचललें. इ. स. १९८० च्या सुमारास पुऱ्या झालेल्या त्याच्या 'स्क्राइब' मध्यें लेखकानें 'हें प्रकरण', 'हें अवतरण' एवढेंच सांगावयाचें, आणि तें दिसावें कसें हें निराळ्या ठिकाणीं लिहावयाचें, अशी व्यवस्था होती.

त्याच सुमारास डोनल्ड कनूथ या गणितज्ञाचें काम चाललें होतें. त्याच्या ग्रंथमालेचा दुसरा खंड इ. स. १९६९ मध्यें मोनोटाइपच्या शिशाच्या खिळ्यांनीं छापलेला. इ. स. १९७७ मध्यें दुसऱ्या आवृत्तीचीं मुद्रितें नव्या छायाजुळणीनें आलीं, तीं पाहून तो इतका निराश झाला कीं, ग्रंथलेखन बाजूस ठेवून त्यानें स्वतःच जुळणीची आज्ञावली लिहावयास घेतली. एका वर्षांत संपेल असें वाटलेलें काम सुमारें दहा वर्षें चाललें. त्यांतून 'टेक' निघाली. ओळ कोठें तोडावी हें ती एकेक ओळ पाहून ठरवीत नाहीं. सबंध परिच्छेद तोलून ठरविते. इ. स. १९९० मध्यें कनूथनें जाहीर केलें कीं, यापुढें तिच्यांत नवीन कांहीं घालावयाचें नाहीं, फक्त चुका सुधारावयाच्या. तिच्या आवृत्तीचा अंक दर वेळीं परिघ-व्यासाच्या गुणोत्तराच्या एकेक स्थानानें पुढें सरकतो. ही स्थिरता आपल्या कामास फार मोलाची आहे. लेस्ली लॅम्पोर्ट यानें टेकवर रीडच्या कल्पनेचा संस्कार करून 'लाटेक' तयार केली. तिचा ग्रंथ इ. स. १९८६ मध्यें निघाला.

दुसरी परंपरा पडद्यावर पान पाहत पाहत जुळविण्याची. झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रांत इ. स. १९७४ मध्यें 'ब्राव्हो' झाली. तिच्या कर्त्यांपैकीं सिमोनी हा पुढें मायक्रोसॉफ्टमध्यें गेला व इ. स. १९८३ मध्यें 'वर्ड' निघाली. इ. स. १९८५ मध्यें 'पेजमेकर' आली व लहान छापखान्यांचा सारा व्यवहार पालटला. या परंपरेंत शैली नाहींत असें मात्र कोणी समजूं नये. वर्डमध्यें शैलीपत्रकें पहिल्यापासून आहेत. 'इनडिझाइन' मध्यें परिच्छेदाच्या व अक्षराच्या शैली उत्तम आहेत. अडचण इतकीच कीं, तेथें शैली न वापरतांहि काम होतें. शब्द निवडावा, कळ दाबावी, अक्षर ठळक झालें. तो ठळक कां केला, मूळ कागदांत मोठा होता म्हणून, कीं नाम म्हणून, कीं शंका म्हणून, हें फायलींत कोठेंच राहत नाहीं. तीनशें पानांच्या संग्रहांत असे हजार ठसे पडले म्हणजे संपादकाससुद्धां पुढें त्यांचें कारण सांगतां येत नाहीं.

६

देवनागरीस या दोन्ही परंपरांत पुष्कळ सोसावें लागलें. पेजमेकरच्या काळांत मराठी अक्षरें संगणकावर बसवितांना तीं रोमन अक्षरांच्या सांकेतिक स्थानांवर बसविलीं गेलीं. आणि प्रत्येक उत्पादकाची बसवणूक निराळी. तो टंक यंत्रावर असेल तोंवर पान मराठी. नसेल तर तेथें रोमन अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक गुंता. वास्तविक भारतीय लिप्यांसाठीं समान संकेतमान, इस्की, इ. स. १९८८ मध्यें ठरलें होतें व इ. स. १९९१ मध्यें तें भारतीय मानक झालें. त्याच वर्षीं निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीची मांडणी इस्कीलाच धरून केलेली आहे. परंतु छापखान्यांनीं यांकडे दीर्घकाळ लक्ष दिलें नाहीं. पेजमेकरची शेवटची आवृत्ति इ. स. २००१ ची. तिच्या फायली इनडिझाइनच्या इ. स. २०१२ पर्यंतच्या आवृत्त्यांत उघडत. नंतरच्या आवृत्त्यांतून ती सोय काढून टाकली आहे. म्हणजे त्या काळांत जुळविलेल्या ऐतिहासिक ग्रंथाची फाईल आज कोणाजवळ असली, तरी तिचें कुलूप व किल्ली अशीं दोन्ही हरवलीं आहेत. जुनी आज्ञावली नाहीं व जुना टंकहि नाहीं. शोधून काढलीं तरी संहिता युनिकोडमध्यें पालटून पुन्हां शब्दशः तपासावी लागते.

लाटेकच्या बाजूस फ्रान्स वेल्थुइस यानें नेदरलंड्समधून इ. स. १९९१ मध्यें टेकसाठीं देवनागरी तयार केली. तींत मजकूर रोमन लिप्यंतरानें लिहावा लागे व एक मध्यस्थ आज्ञावली त्याचें देवनागरी करी. काम कष्टाचें, पण तो रोमन मजकूर साधा असल्यामुळें तेव्हांच्या फायली आजहि वाचतां येतात व यंत्रानें पालटतां येतात. जोनाथन क्यू यानें इ. स. २००४ मध्यें 'झीटेक' काढली, तेव्हांपासून युनिकोडमधील देवनागरी सरळ लिहून जुळवितां येऊं लागली. पुढें 'लुआटेक' मध्येंहि ती सोय झाली. इनडिझाइननें भारतीय लिप्यांची जोडाक्षरें नीट बसविण्याची व्यवस्था इ. स. २०१२ च्या आवृत्तींत आणली. मोडी लिपीस युनिकोडमध्यें स्थान मिळालें तें इ. स. २०१४ मध्यें, सातव्या आवृत्तींत; त्यामुळें मूळ मोडी व समोर देवनागरी अशी दुहेरी छपाई आतां शक्य झाली आहे.

येथें मराठी संपादकानें एक बारीक गोष्ट पाहिली पाहिजे. मराठी ल व श यांचीं वळणें हिंदी वळणांहून निराळीं आहेत. चांगल्या टंकांत दोन्ही असतात. पण मजकुराची भाषा मराठी आहे हें जुळणीच्या साधनास सांगतां आलें तरच मराठी वळण उमटतें. 'दऱ्या', 'वाऱ्या' यांतील अर्ध्या र-चेंहि तसेंच: त्याचें संकेतमान निराळें आहे व तें टंकांत नीट बसविलेलें असावें लागतें. ज्या साधनांत परिच्छेदाची किंवा शब्दाची भाषा शैलीबरोबर बांधतां येते, तेथें मराठी पत्र, त्यांतील संस्कृत श्लोक व टीपेंतील इंग्रजी नांव हीं तिन्ही आपापल्या रीतीनें जुळतात.

७

आपल्यासारख्यांच्याच गरजेंतून निघालेलीं साधनेंहि आहेत, हें अनेकांस ठाऊक नसतें. जॉन लॅव्हाग्निनो व संस्कृतज्ञ डोमिनिक वुयास्टिक या दोघांनीं चिकित्सक आवृत्तींसाठीं टेकवर 'एडमॅक' ही रचना केली व इ. स. १९९० मध्यें ती प्रसिद्ध केली. ओळींस क्रमांक घालणें, पाठभेद त्या क्रमांकाशीं बांधणें, पानाच्या तळाशीं पाठभेदांचे एकाहून अधिक थर देणें, हें सर्व ती करी. तीच पीटर विल्सन यानें इ. स. २००३ मध्यें लाटेकमध्यें आणली आणि मेयूल रूकेत यानें वाढविली. आज ती 'रेलेडमॅक' या नांवानें चालते. ऑस्ट्रियांत स्टेफन हागेल याचा 'क्लासिकल टेक्स्ट एडिटर' पडद्यावर पाहत काम करणाऱ्यांसाठीं आहे. रॉबर्ट अलेस्सी याची 'एक्डोसिस', इ. स. २०२० ची, एकाच फायलींतून छापील पान व संगणकीय संग्रहाची प्रत अशीं दोन्ही काढते.

ही संग्रहाची प्रत म्हणजे काय तें सांगावयास पाहिजे. इ. स. १९८७ मध्यें अमेरिकेंत पुष्कळ विद्वान् एकत्र येऊन त्यांनीं ग्रंथसंहितेंत खुणा कशा घालाव्या याचे नियम करण्यास आरंभ केला; ते नियम 'टीईआय' या नांवानें ओळखले जातात. त्यांत 'वाचतां येत नाहीं', 'संपादकानें पुरविलें', 'मूळ लेखकानें खोडलें', 'ओळीच्या वर घातलें' अशा प्रत्येक प्रकारास निराळी खूण आहे. छापील रूपाविषयीं त्या खुणा कांहींच बोलत नाहींत. कंस चौकोनी कीं गोल, हें ज्यानें त्यानें आपल्या शैलींत ठरवावें. वर ज्या नागमोडी रेघेचें सांगितलें, तिचा आशय अशा खुणेंत एकदां बांधला म्हणजे रेघ गळली तरी आशय गळत नाहीं.

८

येणेंप्रमाणें इतिहास पाहिल्यावर ज्या कसोट्या आम्हांस ग्राह्य वाटतात त्या अशा:

पहिली: संहिता त्या आज्ञावलीवांचून वाचतां येते काय? साध्या युनिकोड मजकुराची फाईल कोणत्याहि यंत्रावर उघडते. बंद पेटी असेल तर ती उघडणारा पुढें राहील याची हमी कोण देणार?

दुसरी: नवीन शैली आपल्या नांवानें करतां येते काय? 'ठळक' व 'तिरपें' हीं नांवें उपयोगाचीं नाहींत. 'पदरचें', 'शंकित', 'समासांतील', 'संक्षेप', 'मिति', 'शिक्का' अशीं नांवें देतां आलीं पाहिजेत.

तिसरी: एका ठिकाणीं बदल केला असतां तो ग्रंथभर होतो काय, आणि जेथें होऊं नये तेथें होत नाहीं ना?

चौथी: मराठी वळणें, देवनागरी अंक, पाठभेदांचे थर व लांब टीपा हीं त्यास झेपतात काय? हें कोणाच्या सांगण्यावरून मानूं नये. आपल्या संग्रहांतील सर्वांत अवघड असा एक कागद घेऊन तो जुळवून पाहावा.

पांचवी: संपादकानंतर तें काम दुसऱ्याच्या हातीं देतां येतें काय?

या कसोट्या लावल्या असतां आमचें मत असें होतें. पांचदहा पत्रांचा लहान लेख असेल, तर वर्ड किंवा मोफत मिळणारी 'लिब्रेऑफिस' पुरे. मात्र हातानें ठळक-तिरपें करण्याची संवय निग्रहानें टाकावी व सर्व काम नांवाच्या शैलींतूनच करावें. चित्रें, नकाशे व शिक्क्यांचे ठसे यांनीं भरलेला ग्रंथ असेल, तर इनडिझाइनसारखें पानावर नजर ठेवणारें साधन सोईचें. परंतु शुद्ध केलेली मूळ संहिता बाहेर, साध्या मजकुराच्या रूपानें, ठेवलीच पाहिजे. पत्रसंग्रह, बखर, पाठभेदांसह काव्य यांस लाटेक, झीटेक वा लुआटेकवर चालविलेली, व पाठभेद असतील तेथें रेलेडमॅक, यांसारखें दुसरें साधन आम्हांस दिसत नाहीं. अनेक खंड काढणाऱ्या संस्थेनें टीईआयच्या नियमांची एक मूळ प्रत ठेवून छापील पानें तिच्यांतून काढावीं.

९

आक्षेप येतील, व ते पोकळ नाहींत. लाटेक शिकावी लागते. साठी उलटलेल्या संग्राहकास तें जड जातें. तिचीं मूळ रूपें इंग्रजी शास्त्रीय ग्रंथांस धरून केलेलीं असल्यामुळें आपल्या पद्धतीचा मथळा किंवा मायना बसवितांना आरंभीं झगडावें लागतें. कोम याची 'कोमा-स्क्रिप्ट', विल्सन याचीच 'मेम्वार', यांनीं तें ओझें हलकें केलें आहे. आणि हान्स हागेन याची 'कॉन्टेक्स्ट' ही टेकवरचीच निराळी व्यवस्था पानाचें रूप स्वतः घडवूं इच्छिणाऱ्यासाठींच रचलेली आहे. तरी श्रम आहेतच. शिवाय छापखानेवाला आपली फाईल उघडूं शकत नाहीं अशी तक्रार होते. तीवर तोडगा एवढाच कीं, त्यास तयार पानांची पीडीएफ प्रत द्यावी व मूळ फाईल आपल्याजवळ ठेवावी.

याहून गंभीर आक्षेप निराळाच आहे. स्वतः शैली रचण्याची मोकळीक मिळाली म्हणजे मनुष्य शैलींचें रान माजवितो. एका संपादकाच्या चाळीस खुणा दुसऱ्यास कळेनात, तर त्या बंद पेटीहून बऱ्या असें म्हणतां येणार नाहीं. यावर उपाय कोणत्याहि आज्ञावलींत नाहीं. तो संपादकाच्या शिस्तींत आहे. शिशाच्या काळीं जुळाऱ्याच्या घरांतील खिळ्यांनीं जी मर्यादा आपोआप घातली होती, ती आतां आपली आपण घालून घ्यावयास पाहिजे.

म्हणून संग्राहकांस आमची सूचना अशी. आज्ञावलीचा विचार करण्यापूर्वीं एक कोरा बंद घ्यावा. आपल्या कागदांत जे जे भेद वाचकास दाखविणें अवश्य आहे ते त्यावर ओळीनें लिहावे, प्रत्येकापुढें एक मराठी नांव, एक उदाहरण व छापील रूप लिहावें. जो भेद दोन वाक्यांत समजावितां येत नाहीं तो गाळावा. यादी पंधरा-वीस ओळींच्या पुढें जात असेल, तर ती पुन्हां पाहावी. मग ती यादी घेऊन वरील पांच कसोट्या लावाव्या. निवड बहुधा आपोआप होईल. ग्रंथ छापतांना ती यादी प्रस्तावनेंत छापावी, व तिची प्रत मूळ फायलींबरोबर ठेवावी. जें दप्तर आपल्या हातीं दोनशें वर्षांनीं आलें, त्याच्या लेखकांनीं छ, मिति व मोर्तब नेमक्या जागीं लिहिल्यामुळेंच आपण तें आज वाचूं शकतों. आपल्या मागून येणाऱ्यास आपले निर्णय तितकेच स्पष्ट सांपडावे, एवढीच या खटाटोपामागील अपेक्षा आहे.